गाणे एकाचे, कामे दहांची

गाणाऱ्याने गावे, वाजवणाऱ्याने वाजवावे आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी, अशी कलेची एक साधी वाटणी आपल्या मनात असते. आजच्या तरुण गायकाला ही वाटणी परवडत नाही. गाणे त्यानेच लिहायचे, चाल त्यानेच लावायची, ध्वनिमुद्रण त्यानेच करायचे, चित्रीकरणासाठी शेताच्या बांधावर तोच उभा राहायचा आणि मोबाइलही त्यानेच धरायचा. मग ते गाणे यूट्यूबवर चढवायचे, त्याची जाहिरात करायची, लोकांच्या बऱ्यावाईट शेऱ्यांना उत्तरे द्यायची आणि महिनाअखेर मिळाले किती याचा हिशेबही मांडायचा. "आमच्या वेळी असे नव्हते हो," असे वडीलधारे म्हणतात. "आमच्याच नशिबी हे काय आले," असे तरुण म्हणतात. गाणाऱ्याच्या माथी गाण्याखेरीज इतकी कामे पडण्याची ही पहिलीच वेळ, याविषयी मात्र दोघांचे एकमत दिसते.

मी धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीचा. मला हे म्हणणे पटत नाही. गोरोबाकाकांचे तेर आमच्याच तालुक्यात आहे, आई भवानीचे तुळजापूर शेजारच्या तालुक्यात आहे आणि शाहिरांची बार्शी जिल्ह्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की लागते. एवढ्या मुलखातल्या गाणाऱ्यांचा इतिहास जरी चाळला, तरी असे दिसते की गाणे आणि फक्त गाणे हेच ज्याचे काम, असा गाणारा आमच्याकडे क्वचितच होऊन गेला. दहा कामे पूर्वीही होती. मग पूर्वीचा गाणारा तरून गेला आणि आजचा दमून गेला, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ.

तेरपासूनच सुरुवात करू. संत गोरोबा व्यवसायाने कुंभार. माती तुडवायची, चाक फिरवायचे, मडकी घडवायची, भाजायची आणि विकायची. अभंग या सगळ्याच्या मधोमध. चिखल तुडवताना ते भजनात इतके रंगले की पायाखाली आलेले आपले मूलही त्यांना दिसले नाही, ही कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे. कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तरी तिच्यात एक जुनी जाणीव उरते. गाणे आणि पोटाचा धंदा ही दोन कामे एकाच देहाला करावी लागली, तर केव्हातरी एकाचे भान सुटते. शिंपी नामदेव, माळी सावता, न्हावी सेना, सगळ्यांचीच स्थिती ही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मंडळींना गाण्यावर पोट भरायचे नव्हते. श्रोता मिळवण्याची चिंता त्यांना नव्हती, कारण वारी आणि भजनाची मंडळी त्यांच्या भोवती होतीच.

आता गाण्यावरच पोट असलेला आणि तोही अगदी एकटा असा कलावंत पाहू. मोरपिसांची उंच टोपी घातलेला वासुदेव वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तोच गातो, तोच नाचतो, टाळचिपळ्याही तोच वाजवतो आणि दान मिळाले की देवांची नावे घेऊन त्याची पोचही तोच देतो. आजच्या भाषेत बोलायचे तर गायक, वादक, नर्तक आणि खजिनदार असे चार हुद्दे एका टोपीखाली नांदतात. पण वासुदेवाचा दिवस पाहा. पहाटे सुरू झालेली त्याची फेरी ऊन चढेपर्यंत संपते. त्याला आपली जाहिरात करावी लागत नाही, कारण पहाट झाली हीच त्याची जाहिरात. दार कोणाचे वाजवावे हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण त्याची गावे आणि घरे रिवाजाने ठरलेली असतात. कामे चार आहेत, पण पाचवे आणि सर्वांत जड काम, म्हणजे गिऱ्हाईक शोधण्याचे, गावाने आपल्या अंगावर घेतले आहे.

याहून मोठा दाखला गोंधळाचा. आमच्या भागात लग्न झाले की घरात गोंधळ घातल्याशिवाय ते कार्य पुरे झाले असे कोणी मानत नाही. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा. कदमराई तुळजापूरच्या भवानीचे उपासक आणि रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. गोंधळाची मांडणी आठवून पाहावी. चौरंगावर नवे वस्त्र, त्यावर धान्याची रास, कलश, नारळ, विड्याची पाने, भोवती ताटे उभी करून केलेला चौक आणि शेजारी पेटती दिवटी. ही सारी सिद्धता यजमानाने करायची. म्हणजे रंगमंच त्याचा, उजेड त्याचा, दिवटीचे तेल त्याचे आणि कलावंतांचे जेवणही त्याच्याच घरचे. श्रोतेही त्यानेच बोलवायचे.

उरलेले काम गोंधळ्यांनी आपसांत वाटून घेतलेले असते. मुख्य गोंधळी आख्यान सांगतो, एकजण संबळ वाजवतो, एकजण तुणतुण्याचा सूर धरतो, आणि एक साथीदार मधूनमधून वेड्यासारखे प्रश्न विचारून मंडळींना हसवतो. हा साथीदार केवळ विनोदासाठी नसतो. तो बोलतो तेवढा वेळ मुख्य गोंधळ्याच्या गळ्याला विसावा मिळतो. रात्रभर चालणाऱ्या गाण्यात गळा कसा टिकतो, याचे गुपित त्या वेड्या प्रश्नांत आहे. गावोगावच्या देवतांना नावानिशी बोलावणे, आख्याने तोंडपाठ ठेवणे, हाताच्या खुणांनी नाव कळवण्याची करपल्लवी साधणे, संबळ मढवून घेणे, पुढल्या घरचे आवतन ध्यानात ठेवणे अशी कामे मोजायला बसलो तर दहाच्या वर भरतील. पण ती चार माणसांत आणि एका यजमानात वाटलेली आहेत. नवरात्रात आमच्याकडे आराध्यांचे मेळे निघतात, त्यांचीही रीत हीच. एकट्या आराध्याला मेळा म्हणत नाहीत.

फडाचा व्यवहार याहून अवघड. धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हातारी माणसे त्याला मोगलाई म्हणत. बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी हद्दीत. दोन्हीकडची भाषा एक, देव एक, सोयरीकही एक; पण नाणे वेगळे. तिकडे कळदार रुपया आणि इकडे हाली सिक्का. सहा कळदार म्हणजे सात हाली, असा हिशेब. शिवाय हद्दीवर करोडगिरीचे नाके. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ साली ती लातूरपर्यंत गेली, तेव्हा प्रवास सोपा झाला. पण हद्द आणि नाणे तिथेच राहिले. बार्शीकडून मोगलाईत शिरणाऱ्या कोणाही फिरत्या कलावंताला सुराबरोबर हा बाजारभावही सांभाळावा लागे. म्हणूनच ज्या फडाला चांगला कारभारी, तो फड चाले.

काम वाटून घेण्याची ही रीत मराठी शाहिरीत किती मुरलेली होती, त्याची खूण एका नावातच सापडते. होनाजी बाळा हे एका माणसाचे नाव नव्हे. होनाजीने कवने रचायची आणि बाळाने ती गायची, अशी ती जोडी. लोकांनी दोघांची नावे अशी जोडली की पुढे ती एकाच माणसाची वाटू लागली. रचणारा आणि गाणारा यांचा इतका निर्मळ सौदा क्वचितच पाहायला मिळतो.

याच्या उलट सगळे एकाच्या डोक्यावर आले की काय होते, हे पठ्ठे बापूरावांच्या आयुष्यात दिसते. १८६६ साली रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेले श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे वतनदार घरातले. लावणीच्या नादाने त्यांनी घर आणि जात दोन्ही मागे टाकली. लावण्या रचणे, चाली देणे, फड चालवणे हे सारे त्यांनी केले. पवळेसारखी असामान्य साथीदारीण होती तोवर फडाला झळाळी होती. ती साथ सुटली आणि फडाचे दिवस फिरले. १९४५ साली पुण्यात त्यांचा अंत झाला, तो विपन्नावस्थेत. त्यांची लावणी आजही गावोगाव गायिली जाते. लावणीची पुंजी अक्षय राहिली. पण फडाच्या वहीत शिल्लक पडली नाही.

विठाबाई नारायणगावकरांचे आयुष्य याच वाटेचे. नाच त्यांचा, गाणे त्यांचे आणि फडाची मालकीही त्यांचीच. खेळ चालू असताना पडद्यामागे त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत तमाशाच्या जगात आजही आदराने सांगतात. १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. शेवटचे दिवस मात्र ओढगस्तीचे गेले. आई, कलावंत आणि मालक या तीन भूमिका एकाच रात्री एकाच बाईने वठवाव्यात, याचे कौतुक करावे की लाज बाळगावी, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

आता संगीत नाटकाकडे वळू. १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. अण्णासाहेब किर्लोस्कर हे सरकारी नोकरीत होते. नाटक त्यांनी लिहिले, पदे त्यांनी रचली, तालमी त्यांनी घेतल्या आणि सूत्रधार म्हणून तेच उभे राहिले. म्हणजे आज ज्याला आपण स्वतंत्र कलावंत म्हणतो, तोच हा मासला. पण त्यांनी शेजारी माणसेही तोलामोलाची उभी केली. भाऊराव कोल्हटकर, मोरोबा वाघुलीकर, बाळकोबा नाटेकर. गळा त्यांचा आणि घाट अण्णासाहेबांचा. अण्णासाहेब १८८५ साली वारले, पण त्यांची मंडळी चालत राहिली.

त्याच मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस असे तीन भागीदार. एकाचा गळा दैवी, दुसरा पेटीचा आणि चालींचा जाणकार, तिसरा मुरलेला नट. अशी तिवई होती तोवर ती पक्की होती. एक पाय गेला, मग दुसरा गेला. टेंबे बाहेर पडले, पुढे बोडसही गेले, आणि १९२१ च्या सुमारास सारा भार एकट्या बालगंधर्वांवर आला. त्या वेळी मंडळीवरचे कर्ज लाखाच्या पुढे गेलेले होते. ते कर्ज त्यांनी वर्षानुवर्षे गाऊन फेडले. पण अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया साथीला ठेवणाऱ्या, अत्तर आणि भरजरी वस्त्रांत काटकसर न करणाऱ्या या कलावंताचा पिंड मालकाचा नव्हता. पुढे बोलपट आला आणि १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांना काम करावे लागले. गळ्यात कधी खोट आली नाही. खोट आली ती वहीत.

याच काळातला दुसरा दाखला केशवराव भोसल्यांचा. वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८ साली, त्यांनी ललितकलादर्श ही आपली मंडळी काढली. १९२१ च्या ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. वय अवघे एकतीस. मंडळी तिथेच मोडली असती तर नवल नव्हते. पण बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालवली आणि पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती परंपरा सांभाळली. गाणारा गेला आणि संस्था टिकली, कारण संस्थेचे काम एका गळ्याशी बांधलेले नव्हते.

एवढ्यात यंत्रे आली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजान यांनी तबकडीसाठी गाणे म्हटले. गाणे संपताच त्यांनी आपले नाव मोठ्याने सांगितले. त्याचे कारण मजेदार आहे. तबकड्या तयार होत जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळणार कसे? म्हणून गाणाऱ्यानेच शेवटी नाव सांगायचे. गाण्यावर आपल्या नावाची चिठ्ठी आपणच चिकटवण्याचे हे काम तेव्हा सुरू झाले, ते आजतागायत संपलेले नाही. रात्रभर चालणारे गाणे तीन मिनिटांत बसवण्याचे नवे कसबही याच तबकडीने गाणाऱ्याला शिकवले.

तरी कंपन्यांनी एक मोठे ओझे उचलले, हे मान्य केले पाहिजे. ध्वनिमुद्रण त्यांचे, तबकडी त्यांची, जाहिरात त्यांची, दुकाने त्यांची. गाणाऱ्याने यायचे, गायचे आणि जायचे. पुढे आकाशवाणी आली. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना गायकांच्या चाचण्या आणि श्रेणी यांची शिस्त पक्की झाली. श्रेणी मिळाली की मानधन ठरलेले. ज्याला आपण 'पूर्वीचे सुखाचे दिवस' म्हणतो ते हे दिवस. पण ते सर्वांचे नव्हते. कंपनीचे दार ज्याला उघडे झाले, त्याचे ते दिवस. दाराबाहेर किती गळे राहिले, त्यांची मोजदाद कुठल्याही तबकडीवर नाही. आणि आत गेलेल्यांनीही पुष्कळदा एकरकमी पैसे घेऊन हक्क लिहून दिले. १९८० नंतर कॅसेट आली तेव्हा लोकगीते आणि भक्तिगीते खेड्यापाड्यांतल्या टपऱ्यांपर्यंत पोचली. खपाचा हिशेब मात्र गाणाऱ्यापर्यंत क्वचितच पोचला. लेखकाला आणि संगीतकाराला मानधनाचा वाटा सोडून देता येऊ नये, अशी तरतूद कायद्यात झाली ती २०१२ साली. १९५७ चा मूळ कायदा तोवर पंचावन्न वर्षांचा झाला होता.

या दाराबाहेरच राहून ज्यांनी महाराष्ट्र जागवला, त्या शाहिरांना विसरून चालणार नाही. अमर शेख बार्शीचे, म्हणजे आमच्या अगदी शेजारचे. जन्म १९१६ चा. आई मुनेरबी यांच्या ओव्यांवर त्यांचा कान तयार झाला. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, कवी, गायक, चित्रपटातला नट, नियतकालिकाचा संपादक अशा किती भूमिका त्यांनी केल्या! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने मैदाने भरली. एकट्यानेच सारे केले, असे ही यादी वाचून वाटेल. पण १९४४ साली त्यांनी, अण्णा भाऊ साठ्यांनी आणि द. ना. गव्हाणकरांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले होते, हे विसरू नये. 'पथक' हा शब्दच पुरेसा बोलका आहे.

आता आजच्या काळात येऊ. आमच्या भागातला एखादा तरुण आराधी गीत करायला बसला आहे असे धरू. घरात संबळ आहे, हातात मोबाइल आहे. ध्वनिमुद्रण झाले. मग ते गाणे वितरण करणाऱ्या संस्थेकडे पाठवायचे, त्याला बारा अक्षरांची ओळखखूण मिळवायची, गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे शुद्ध लिहायची. नाव लिहिण्यात एक काना चुकला, तर पैसे भलत्याच्या खात्यावर जातात. गौहरजानचीच ती चिठ्ठी. मग चित्रफीत करायची, तिचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडायचे आणि ते रोज एक असे टाकत राहायचे. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळवायचा तर २०१८ पासून एक हजार सदस्य आणि वर्षात चार हजार तासांचे पाहणे अशी अट आहे. नाहीतर आखूड चित्रफिती नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिल्या गेल्या पाहिजेत. तीन मिनिटांचे गाणे घेतले, तर चार हजार तास म्हणजे ते ऐंशी हजार वेळा शेवटपर्यंत ऐकले गेले पाहिजे. स्पॉटिफायने २०२४ पासून ठरवले की बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मोबदला नाही. गोंधळ्याच्या झोळीत शेर-अच्छेर धान्य तरी पडे. इथे नऊशे नव्व्याण्णव श्रोत्यांनी ऐकले तरी झोळी रिकामी.

हे सांगताना या युगाचे उपकार मी नाकारत नाही. बेंबळीच्या मुलाला आज मुंबईच्या कोणा साहेबाची चिठ्ठी लागत नाही. चाचणीत नापास करणारा कोणी नाही. जात, गाव आणि बोली यांवरून दार लावणारा द्वारपाल पुष्कळसा बाजूला झाला आहे. २०२४ साली 'गुलाबी साडी' या मराठी गाण्याने देशाच्या सीमाही ओलांडल्या. शब्द, चाल आणि आवाज जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांचा. पण नीट पाहिले तर तिथेही संगीतयोजना जी-स्पार्क यांची आहे आणि वितरणाला कंपनी आहे. जे गाणे दूरवर गेले, त्याच्या मागे एकाहून अधिक हात आहेत.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. कामे वाढली म्हणून आजचा गायक दमलेला नाही. हात कमी झाले म्हणून तो दमला आहे. गोंधळात चौघे आणि यजमान, फडात कारभारी, नाटक मंडळीत भागीदार, तबकडीच्या काळात कंपनी. प्रत्येक काळात कामांचा ढीग होताच, पण कोणी ना कोणी त्याला खांदा देत असे. यंत्राने आज एकेक काम सोपे केले. सोपे झाले म्हणून ते काम करणारा माणूस गेला, आणि सोपी झालेली दहाही कामे गाणाऱ्याच्या पदरात येऊन पडली. शिवाय वासुदेवाची फेरी ऊन चढले की संपे. या नव्या फेरीला दुपार नाही आणि रात्रही नाही. आज चित्रफीत टाकली नाही तर उद्या लोक विसरतील, ही धास्ती चोवीस तास मागे लागलेली.

या ओढाताणीत चोरी होते ती रियाजाची. हिशेब चुकला तर दुसऱ्या दिवशी कळतो, चित्रफीत राहिली तर तासाभरात कळते. पण रियाज बुडाला तर वर्ष दोन वर्षे कोणाला कळत नाही. म्हणून दहा कामांत कात्री लागायची ती पहिल्यांदा रियाजाला लागते. बालगंधर्वांची वही बुडाली, पण गळा वाचला. आज वही कशीबशी सांभाळताना गळा बुडेल की काय, अशी भीती मला वाटते. तसे झाले तर ते नुकसान एका तरुणाचे राहणार नाही. संबळाचे बोल, आख्यानांच्या चाली, करपल्लवीच्या खुणा या गोष्टी पुस्तकात मावत नाहीत. त्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि शिकायला वेळ नसलेल्या हातात त्या जात नाहीत.

मग करावे काय? जुना फड किंवा जुनी कंपनी परत आणा असे मी म्हणणार नाही. त्यांतली दुःखे वर सांगितलीच आहेत. पण मेळा जमवता येईल. गावातली तिघे-चौघे मुले एकत्र येऊन एकाने गावे, एकाने मुद्रण करावे, एकाने हिशेब आणि कागदपत्रे पाहावीत. वाटा किती कोणाचा, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे. टेंबे-बोडसांच्या काळापासून भागीदारी मोडते ती बहुधा न लिहिलेल्या गोष्टींवर. गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे, तिथे आपले नाव नोंदवावे. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, आणि न समजल्यास समजणाऱ्याला दाखवावा. होनाजीला बाळा भेटला, तसा प्रत्येक गाणाऱ्याला एक हिशेबी मित्र भेटला, तरी अर्धे काम झाले.

उरलेला वाटा यजमानाचा, म्हणजे तुमचा आणि माझा. दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई सुरू होईल. आमच्याकडे घरोघरी चौक मांडले जातील, दिवट्या पेटतील आणि गोंधळ उभा राहील. पाहुण्यांपैकी कोणीतरी मोबाइल वर धरून तो टिपेल आणि रात्रीत जगभर पाठवील. त्यापूर्वी गोंधळ्यांना एकदा विचारावे. त्या चौघांची नावे आणि गाव चित्रफितीखाली शुद्ध लिहावे, संबळ वाजवणाऱ्याचे सुद्धा. त्यांची बिदागी हातात देताना घासाघीस करू नये. आणि आख्यान रंगले असेल, तर मोबाइल खाली ठेवून पहाटेपर्यंत बसावे. श्रोता जमवण्याचे काम शतकानुशतके गावाने केले आहे. ते गाणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवून पुन्हा आपल्या अंगावर घ्यायला आपल्याला काही फार खर्च येणार नाही.